बरबटीतला भुंगा

बरणीचं झाकण फिरवलं तेव्हा आधी वास आला. कोंदट, उबदार, किंचित आंबूस. बंद खोलीत कुणी पुष्कळ वेळ श्वास घेत बसलेलं असावं आणि आपण अवचित दार उघडावं, तसा तो वास तोंडावर आला. सप्टेंबरातली रविवारची सकाळ होती. टेक्ससमधल्या आमच्या शुगर लँड गावात सप्टेंबर हा नावापुरताच शरद. बाहेरचं ऊन अजून ऐन ग्रीष्मासारखं पांढरंफटक होतं आणि एसीने गार झालेल्या खिडकीच्या काचेवर, बाहेरच्या बाजूने, दमट हवेचे थेंब साचून ओघळत होते. शुभदाच्या स्वयंपाकघरात आम्ही दोघी उसळीची तयारी करत होतो. मी बरणी परातीत उपडी केली आणि दाण्यांच्या जोडीला एक तपकिरी, सळसळता लोंढा बाहेर पडून माझ्या मनगटांवर चढला.

भुंगे होते. तिळाएवढे, पाठीवर काळपट डाग, आणि पंख इतके आखूड की आखूड सदऱ्याखालून पोट दिसावं तसा मागचा भाग उघडा पडलेला. त्यांना पळायची घाई होती. पण पळणाऱ्यांच्या पाठीवर काही चढलेले होते आणि त्या घाईतही त्यांचं मीलन चाललेलं होतं. दाण्यादाण्याला सुबक, गोल भोकं पडलेली. परातीच्या तळाशी फिकट भुकटी साठली होती आणि ती माझ्या घामेजल्या तळव्यांना चिकटली. एक भुंगा माझ्या बांगडीखाली शिरून तिथे आपल्या सहा पायांनी खुडबुड करू लागला, तेव्हा मी बांगडी ओरबाडून काढली आणि हात नळाखाली धरला.

"अगं, गुरुवारी याच बरणीतल्या चवळीची आमटी केली होती," शुभदा म्हणाली, आणि तिने तोंडावर हात धरला. गुरुवारी मी तिच्याकडे जेवले होते. दोनदा आमटी मागून घेतली होती. त्या आमटीत एकही भुंगा मला दिसला नव्हता. पण भोक पडण्याआधी भुंगा दाण्याच्या आतच असतो, मऊ, पांढरा, वळलेला, हे तेव्हा माहीत नव्हतं तरी माझ्या जठराला ते आपोआप कळलं. मी सिंकवर वाकले. काही बाहेर पडलं नाही, नुसते उमासे येत राहिले.

बरबटी माझी होती. विदर्भात आम्ही चवळीला बरबटी म्हणतो. शुभदा पुण्याची, ती चवळी म्हणते, आणि या एका शब्दावरून आम्ही नऊ वर्षं एकमेकींची थट्टा करत आलो होतो. टेक्ससच्या उन्हाळ्यात जिथे गुलाब होरपळतो आणि कोथिंबीर आठवड्यात फुलावर येते, तिथे बरबटी मात्र अंगात वारं भरल्यासारखी वाढते. मागच्या अंगणात कुंपणाला लावलेले वेल, बियाणं इथल्याच दुकानातलं, जुलैत शेंगा वाळून खुळखुळू लागल्या. सोललेल्या दाण्यांची एक बरणी मी घरी ठेवली, एक शुभदाला दिली. तिचं घर माझ्यापासून दोन गल्ल्या पलीकडे. इथल्या दहाबारा मराठी कुटुंबांचं महिन्यातून एकदा एकत्र जेवण असतं, भाड्याच्या हॉलमध्ये. त्या रविवारी उसळ आमच्या वाट्याला होती, आणि माझ्या अंगणातली बरबटी सगळ्यांच्या ताटात जाणार म्हणून मी आठवडाभर मनातून खूष होते.

त्या सकाळी आम्ही तिची अख्खी पँट्री उपसली. मूग गेले होते, हरभरे गेले होते, मटकीच्या पिशवीत हात घालायची गरजच नव्हती, ती आपोआप हलत होती. राजम्याची एक जुनी, अर्धी पिशवी मागे सापडली, तिच्याही तोंडाशी दोनचार भुंगे फिरत होते. मी कपाटाचे कोपरे साबणाने धुतले, मग व्हिनेगरने पुसले, मग पुन्हा साबणाने. इतक्या वेळा सॉरी म्हटलं की शेवटी शुभदाच हसली. "असू दे गं, होतं असं," ती म्हणाली. किडलेलं सगळं मी दोन पिशव्यांत घट्ट बांधून माझ्याच घरच्या कचऱ्याच्या पेटीत नेऊन टाकलं. त्या दिवशी मग उसळ डब्यातल्या छोल्यांची झाली.

मला स्वच्छतेचा सोस आहे, आणि तो कुठून आला ते मला ठाऊक आहे. नागपूरला आमच्या दोन खोल्यांत आई पाण्याचा तांब्या तीनदा घासायची. एकदा राखेने, एकदा चिंचेने, आणि एकदा नुसत्या हाताने, जणू पहिल्या दोन वेळा घासल्याची खूणही उरू नये. तिच्या हाताखालची फरशी ओली नसे तेव्हाही ओली दिसायची. बाहेरचं कुणी घरी यायचं असेल तर ती आदल्या दिवसापासून गप्प असे. येणाऱ्याने पाणी घेतलं नाही तर त्याला तांब्याचं कारण मिळू नये, एवढीच तिची धडपड होती. लहानपणी मला ती नुसती हौस वाटायची. कुणाला बोट दाखवायला जागा ठेवायची नाही, ही सवय मी अभ्यासात नेली, नोकरीत नेली, पाइपलाइनच्या सुरक्षेचे अहवाल तपासण्याच्या माझ्या कामात तर तिचं कौतुकच होतं. ह्यूस्टनमधल्या ऑफिसात माझ्या टेबलावर कधी कॉफीचा डाग नसतो.

त्या रविवारी दुपारी हॉलवर जेवणं आटोपली. उरलेल्या पोळ्यांचा ट्रे घेऊन मी आतल्या किचनकडे निघाले होते. दार अर्धवट लोटलेलं. आत शुभदा आणि कॅरी या दुसऱ्या एका शहरातून नुकतीच बदलून आलेली तरुण मुलगी भांडी विसळत होत्या. त्या मुलीने विचारलं, मेन्यूत तर चवळीची उसळ लिहिली होती ना?

"उत्पलाकडची चवळी होती. सगळी किडलेली निघाली," शुभदा म्हणाली. "तिचा दोष नाही गं. त्यांच्याकडे मुळात ते वळणच नसतं, स्वच्छतेचं. कितीही शिकल्या तरी काही गोष्टी घरातूनच याव्या लागतात. मी नाही मनाला लावून घेत."

"हो ना," ती मुलगी म्हणाली, आणि नळ मोठा झाला.

शुभदाच्या आवाजात राग नव्हता. रागाचं मला काहीतरी करता आलं असतं. तिच्या आवाजात समजूत होती, एक मऊ, सावरून घेणारी माया होती, आणि त्या मायेने मला जी शिसारी आली तशी त्या सकाळी मनगटावर चढलेल्या भुंग्यांनीही आली नव्हती. आमच्या दिवाणखान्यात बुद्धमूर्ती आहे, तिच्या शेजारी निळ्या कोटातली तसबीर आहे. नऊ वर्षांत शुभदाने त्या तसबिरीबद्दल कधी एक शब्द विचारला नव्हता. मी ते तिचं सौजन्य समजत आले होते. ट्रे बाहेरच्या खुर्चीवर ठेवून मी वॉशरूममध्ये गेले आणि हात धुतले, आणि धुताना आरशात पाहिलं नाही.

परतताना गाडीत माझी मुलगी सम्यका शेजारी होती. ती सोळा वर्षांची आहे आणि माझ्या चेहऱ्यावरचं तिला लगेच वाचता येतं. नवरा कामासाठी समुद्रातल्या तेलविहिरीच्या प्लॅटफॉर्मवर, दोन आठवड्यांनी परतणार. सांगायला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून तिलाच सांगितलं.

"दॅट्स डिस्गस्टिंग, आई," ती म्हणाली. मग सिग्नलला थांबल्यावर, हळूच, "बट वॉज इट आवर बग?"

तो भुंगा आपला होता का? तिने साधेपणाने विचारलं होतं, पण तो प्रश्न माझ्या अंगात घुसून बसला. मला राजम्याची ती जुनी पिशवी आठवली. माझ्या घरची बरणी आठवली, जी मी पहिल्या दिवसापासून फ्रिजमध्ये ठेवली होती आणि जी अजून काचेसारखी स्वच्छ दिसत होती. भुंगा शुभदाचाच असणार. तिच्या पँट्रीतून, तिच्या राजम्यातून तो माझ्या बरबटीत शिरला असणार. असं ठरवताक्षणी मला जो आनंद झाला, त्याचीही आता आठवण झाली की किळस येते. पण त्या आठवड्यात मी त्या आनंदावरच जगले. सोमवारी कचऱ्याची गाडी यायच्या आधी मी पेटीत हात घालून बांधलेली पिशवी पुन्हा वर काढली. गॅरेजच्या उष्म्यात ती आतून फुगली होती. आतले भुंगे अजून जिवंत होते आणि प्लास्टिकवर त्यांच्या पायांचा, बारीक पावसासारखा, अखंड आवाज येत होता.

आमच्या भागातल्या एका लहानशा निसर्गसंग्रहालयात शनिवारी मिसेस ओर्तेगा बसतात. सत्तरी ओलांडलेल्या, केस आखूड कापलेल्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. कीटकांच्या संग्रहाची त्यांनी आयुष्यभर निगा राखली आणि निवृत्तीनंतरही शाळेच्या मुलांना फुलपाखरं दाखवायला त्या येतात. मी त्यांच्यापुढे दोन बरण्या ठेवल्या. एकीत पिशवीतले भुंगे, दुसरीत माझ्या फ्रिजमधली बरबटी, निर्दोषपणाचा पुरावा म्हणून आणलेली. राजम्याचा विषयही मीच काढला, नको इतका लवकर.

त्यांनी एक मेलेला भुंगा चिमट्याने उचलून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि मला पाहू दिलं. मोठा झाल्यावर तो अधिकच ओंगळ दिसत होता. अंगभर राखाडी, पिवळसर लव, फुगीर मागच्या मांड्यांवर काटे, डोळे भेगाळल्यासारखे अर्धवट चिरलेले. लोक याला सोंडकिडा म्हणतात, त्या सांगत होत्या, पण याला सोंडच नाही. सोंडकिड्यांशी याचं जवळचं नातं नाही. पूर्वी शास्त्रज्ञ या बीजभुंग्यांचं कुळ स्वतंत्र मानत, आता त्यांना पानं खाणाऱ्या भुंग्यांच्या मोठ्या कुळातलं एक उपकुळ समजतात. कुळ हा शब्द मीच मनात मराठीत आणला, आणि आणल्यावर मला तो तोंडातून थुंकून टाकावासा वाटला.

त्यांनी जातीचं नाव सांगितलं, कॅलोसोब्रुकस मॅक्युलेटस. मॅक्युलेटस म्हणजे काय, मी विचारलं.

"डाग असलेला," त्या म्हणाल्या. "डागाळलेला म्हणा हवं तर. पाठीवरच्या या ठिपक्यांवरून."

राजम्याचा भुंगा वेगळा, त्यांनी पुढे सांगितलं. तो अमेरिका खंडातला, त्याची मादी अंडी दाण्यांमध्ये नुसती विखरून टाकते. ही मादी तसं करत नाही. ही एकेक दाणा निवडते आणि एकेक अंडं त्याच्या सालीला डिंकाने चिकटवावं तसं चिकटवते. राजम्याच्या दाण्यात या जातीची अळी वाढतच नाही, मरते. तुमच्या मैत्रिणीच्या पिशवीवर दिसले ते वाट चुकलेले असतील. मग त्यांनी माझी दुसरी बरणी उघडली, मूठभर बरबटी पांढऱ्या थाळीत पसरली, भिंग माझ्या हातात दिलं आणि चिमट्याच्या टोकाने एक दाणा उलटा केला.

दाण्यावर पांढरा ठिपका होता. पापडीसारखा, मोहरीच्या दाण्याहूनही लहान. शेजारच्या दाण्यावर दोन. त्यापलीकडच्यावर एक. थाळीभर ते ठिपके होते, आणि मी रोज फ्रिज उघडून त्या बरणीकडे समाधानाने पाहत होते.

"शेतातच लागतं हे," मिसेस ओर्तेगा म्हणाल्या. "शेंग वाळायला आली की मादी येते. तुमच्या बरणीत थंडीने काम थांबलं, मैत्रिणीकडच्या उष्णतेत पूर्ण झालं." अंड्यातून निघालेली अळी बाहेरच्या हवेला अंग न लावता थेट खाली दाण्यात शिरते, आणि शिरताना जी विष्ठा मागे टाकते तिनेच अंड्याचं रिकामं कवच भरून असं पांढरं दिसतं, हेही त्यांनी तितक्याच सहज आवाजात सांगितलं. पुढचं सगळं बालपण एकाच दाण्याच्या आत. बाहेर पडल्यावर खाण्यापिण्याची फारशी गरजच नाही, दहापंधरा दिवसांचं आयुष्य, जोडीदार शोधायचा आणि अंडी घालायची.

"हा भारतातून आलेला का?" मी विचारलं. हा प्रश्न विचारताना माझा आवाज बारीक झाला होता.

त्या हसल्या. मूळ आफ्रिकेतला मानतात, म्हणाल्या, पण चवळी जिथे जिथे गेली तिथे तिथे हा गेला. आता अंटार्क्टिका सोडला तर सगळीकडे आहे. भारतात आहे, ब्राझीलमध्ये आहे, इथे टेक्ससमध्ये तर तुमच्या-माझ्या कितीतरी आधीपासून आहे. "कुणाच्या घरचा असा काही नसतो हा," त्या म्हणाल्या, आणि भुंग्याला आल्कोहोलच्या नळीत टाकून त्यांनी मला विचारलं, ठेवू का संग्रहात? लेबलवर तुमचं नाव लागेल, जागा आणि तारीख. मी नको म्हटलं.

गाडीत एसी लावून मी पार्किंगमध्ये बरीच मिनिटं बसून राहिले. पुरावा आणायला गेले होते आणि पुरावा मिळाला होता. भुंगा माझा होता. शुभदा त्याबाबतीत खरं बोलली होती, निदान अर्धं वाक्य खरं. आणि तरीही त्या वाक्याची किळस तसूभरही कमी झाली नव्हती. मला याचंच आश्चर्य वाटत होतं. म्हणजे भुंगा तिचा निघाला असता तरी मला काहीच मिळालं नसतं. आठवडाभर मी ज्याला न्याय समजून कचऱ्यात हात घालत होते, तो तांब्या चौथ्यांदा घासण्याचाच प्रकार होता, आणि हे समजल्यावर मला स्वतःचीही शिसारी आली, भुंग्यांची, तिची, माझी, सगळी एकात एक मिसळलेली, वेगळी काढता न येणारी.

मी तिथून थेट तिच्याकडे गेले. शुभदा ओट्यापाशी भाजी चिरत होती. मी बसले नाही.

"शुभदा, भुंगा माझ्याच बरबटीतला होता. तपासून आणलं. शेतातच लागतो म्हणे. उरलेल्या डाळी चार दिवस फ्रीझरमध्ये ठेव, म्हणजे आतल्या अळ्या मरतील."

"अगं, एवढं कशाला मनावर घेतलंस? मी विसरलेसुद्धा," ती म्हणाली. तिचा चेहरा सैलावला होता.

"आणि त्या दिवशी हॉलच्या किचनमध्ये तू आमच्या वळणाबद्दल जे म्हणालीस, ते मी ऐकलं."

सुरी थांबली. तिने नळ सोडला, हात धुतले, मग एक स्वच्छ वाटी उचलून तीही धुतली. तिचे कान लाल झाले होते. वाटी ओट्यावर पालथी ठेवून ती म्हणाली, "मी तुझ्याबद्दल वाईट नव्हते बोलत, उत्पला."

"माहितीये. माझी बाजूच घेत होतीस."

"आमच्याकडे माझी आई असंच बोलायची. कामवालीबद्दल, शेजाऱ्यांबद्दल. तोंडातून कसं आलं मलाच..." ती रडू लागली. "काय करू, सांग ना."

नऊ वर्षांत ती रडली की मी तिच्या पाठीवर हात ठेवत आले होते. तिचे वडील गेले तेव्हा, मुलाचा अपघात झाला तेव्हा. माझा हात उचललाही गेला असावा. पण तो मला जड वाटला आणि मी तो पर्सच्या पट्ट्यावर ठेवला. जाऊ दे, असं म्हणायचं ओठांवर आलं होतं. ते म्हटलं असतं तर दोघींनाही किती बरं वाटलं असतं.

"डाळींचं सांगितलं ना," मी म्हणाले. "बाकीचं मला माहीत नाही." आणि बाहेर पडले.

त्यानंतरच्या महिन्याच्या जेवणाला मी गेले नाही. कुणी विचारलं नाही असं नाही. शुभदाने काय कारण सांगितलं ते मला कळलं नाही, मी चौकशीही केली नाही. फ्रिजमधली बरबटी फेकून दिली. सम्यकाने एकदा विचारलं, "सो, आर यू गाइज ओके नाउ?" मी म्हटलं, नाही, आणि एवढं साधं उत्तर देताना मला जिभेवर काही कडू लागलं नाही, हे लक्षात आलं.

ऑक्टोबरच्या अखेरीस उत्तरेकडून पहिली गार हवा उतरली. सहा महिने बंद असलेल्या खिडक्या मी उघडल्या. घरात वाळलेल्या गवताचा आणि दूरवर कुणीतरी पेटवलेल्या लाकडांचा वास आला. त्या शनिवारी दुपारी पुढच्या दारावर टकटक झाली. शुभदा होती. हातात काही नव्हतं. ती रिकाम्या हाताने कधी येत नसे. डोअरमॅटच्या पलीकडे पाय जुळवून उभी राहत तिने विचारलं, "आत येऊ का?"

इतकी वर्षं ती गॅरेजच्या दारातून, बाहेरूनच हाक मारत, चपला कुठेही भिरकावत आत आली होती, आणि त्याला मी जवळीक म्हणत होते. तिचा हा नवा प्रश्न आदराचा होता की अंतराचा, मला ओळखता आलं नाही. तिलाही माहीत असेल असं वाटलं नाही. एवढंच जाणवलं की उत्तर आधीपासून ठरलेलं नाही असा प्रश्न या दारात ती पहिल्यांदाच विचारते आहे. उंबऱ्यावरून थंड वारा आमच्या दोघींच्या मधून आत वाहत होता.

"थांब जरा," मी म्हणाले. आणि ती थांबली.